पऱ्यांचा बिनदुधाचा चहा

भावोजी, शेंगाच्या चटणीत लसूण घालायचा की नाही, हे ठरायच्या आतच तुम्ही उठून गेलात. ही काय रीत झाली? भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुमची सवय होती, ते मला ठाऊक आहे. मी तापायला लागले की "वैनी, दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणून सटकायचात. पण तासाभरानं परत यायचात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहायचात आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू करायचात. या वेळीही मी वाट बघितली. अजून कुणाची चाहूल लागली की मान आधी उंबऱ्याकडं वळते.

लिहायला बसले खरी, पण बसवत नाही. चार ओळी झाल्या की उठते, फडताळातले डबे पुसते, पुसलेले परत पुसते. अव्वा आतल्या खोलीतून म्हणतात, "सुम्न कूड ग." गप बस एका जागी. जेऊरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कानडीचा गंधही नव्हता. सासूबाईंच्या तोंडचं पहिलं कानडी मला समजलं ते हेच, कारण सारखं तेच माझ्या वाट्याला यायचं. तुम्ही तेव्हा शाळेत होता. अव्वा काय म्हणाल्या ते मला मराठीत सांगायचं काम तुमच्याकडं होतं आणि तुम्ही त्यात मनाची भर घालायचात. "अव्वा म्हणतीया, वैनीनं शिवूला अजून एक भाकरी वाढावी." अव्वांनी तसं काही म्हटलेलं नसायचं. मला ते कळायला सहा महिने लागले आणि कळल्यावरही मी वाढतच राहिले. या घरात माझी पहिली ओळख झाली ती तुमच्याशी, भावोजी. नवऱ्याशी नंतर झाली.

पण मी पऱ्यांबद्दल लिहायला बसले आहे.

सुरुवात उमीनं केली. लेक माझी, पण तिचे हट्ट सगळे तुमच्या दारात जायचे. शाळेच्या इंग्रजी पुस्तकातलं चित्र घेऊन आली. पंख लावलेल्या गोऱ्या गोऱ्या पोरी कुत्र्याच्या छत्रीवर बसून इवल्याशा कपांतून चहा पिताहेत. म्हणे, "वाढदिवसाला मला अशी टी-पार्टी पायजे." मी म्हटलं, कुत्र्याच्या छत्रीवर बसणारीला मी घरात घ्यायची नाही. तुम्ही ते पुस्तक हातात घेतलंत आणि बराच वेळ बघत राहिलात. शुक्रवार पेठेत सोडावॉटरचं दुकान चालवणारा माणूस, घोड्यासारखा वाढलेला, लग्नाचं नाव काढलं की पळणारा. मला वाटलं आता हसणार. तुम्ही विचारलंत, "किती पऱ्या येणार?"

"मी धरून सात," उमी म्हणाली.

"आणि खाणार काय?"

झालं. त्या दिवसापासून आपलं दुसरं काही बोलणंच उरलं नाही. दिवाळीचा फराळ कधी संपला, कुणाला पोचला, कुणाला राहिला, मला आठवत नाही. तुम्ही दुपारी जेवायला आलात की ताट पुढ्यात घेऊन पऱ्यांचा स्वयंपाक काढायचात. परीचं तोंड बोराएवढं, म्हणून लाडू बोराएवढे पाहिजेत. राजगिऱ्याचे. त्याला दोन बाजूंनी कुरडईचे तुकडे खोवायचे, म्हणजे झाले पंख. हे तुमच्या डोक्यातून निघालं तेव्हा मी तोंडावर काही बोलले नाही, पण मला ते फार आवडलं होतं. आता सांगते. उन्हाळ्यात आम्ही बायका गव्हाचा चीक घोटून घोटून हात मोडून घेतो, आणि त्या कुरडईत तुम्हाला पंख दिसले.

ब्रेडवर मात्र आपलं जुंपलं. छोट्या वाटीनं ब्रेडच्या चकत्या पाडायच्या इथपर्यंत एकमत होतं. आत काय लावायचं? तुम्ही म्हणालात, काकडी. नुसती काकडी आणि लोणी. मी म्हटलं, सोलापुरात राहून पाहुण्याला पानात काकडी वाढायची? शेंगाची चटणी लावू, दह्यात कालवून.

"लसूण असतोय तिच्यात."

"असणारच की."

"परीच्या तोंडाला लसणाचा वास मारला तर?"

"सोलापूरची परी आहे. चटणी खाल्ल्याशिवाय उडायची नाही."

तुम्ही हसलात, पण हटला नाहीत. बिनलसणाची कर म्हणालात. बिनलसणाची शेंगाची चटणी! अव्वांनीसुद्धा वळून बघितलं.

आणि मग चहा. मी आपली सरळ होते. पार्टी चहाची आहे, तर मुलींना दूध जास्त, पत्ती कमी असा वेलदोड्याचा चहा द्यावा. तुम्ही मान हलवलीत. पऱ्या दुधाचा चहा पीत नाहीत. मग काय पितात? तुमचा लेमन सोडा?

"निळा चहा," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, निळं घरात एकच असतं, ते मी आमच्या ह्यांच्या, तुमच्या अण्णांच्या, धोतराला घालते. तुम्ही सगळा शर्ट हलेपर्यंत हसलात आणि म्हणालात, "वैनी, त्या दिवशी लिंबू पिळा आणि मग बोला." कितीदा विचारलं, यात लिंबाचा काय संबंध? काही म्हणून सांगितलं नाहीत. दुधाशिवायच्या पाण्याला चहा म्हणायचं की नाही यावर आपण त्या दिवशी जे बोलत सुटलो, ते ऐकून अण्णा जेवण टाकून दुकानाला गेले.

याच दिवसांत परसातल्या वेलावरची फुलं जायला लागली. गोकर्णीचा तो वेल तुमचा. दुष्काळाच्या सालात, प्यायला पाणी नव्हतं तेव्हा दुकानातल्या बाटल्या विसळलेलं पाणी बादलीनं आणून तुम्ही तो जगवलात. अव्वांच्या महादेवाला सोमवारी निळी फुलं लागतात म्हणून. तर आता अव्वा सकाळी परडी घेऊन जायच्या आणि वेल नुसता हिरवा. संशय कुणावर? समोरच्या काकूंवर. पहाटे उठून लोकांच्या कुंपणावरची फुलं देवाला नेणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत असतात, आणि चोरीच्या फुलांनी पूजा जास्त पावते असंही त्यांचं म्हणणं असतं. अव्वांनी काकूंशी बोलणं टाकलं. दिवाळीचा फराळ दिला नाही. दारातून जाताना काकू "काय म्हणताय?" म्हणाल्या की अव्वा रस्त्याकडं बघायच्या. आणि तुम्ही, भावोजी, तुम्ही चोर घरात असून पाटावर बसून म्हणत होता, "अव्वा, दिवस लई वाईट आलेत."

मग तो गुरुवार. दुकानात दुपारी बाकावर बसलात. शेजारच्या सायकलवाल्यानं हाक मारली तर उत्तर नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालेलं. हे मला जास्त लिहायचं नाही. आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला बसवलं, कपाळभर विभूती लावली, हार घातले. मी आयुष्यभर या घरात "सुम्न कूड" ऐकत आले आणि तुम्हाला असं गप बसलेलं बघायची पाळी माझ्यावर आली. मला रडू आलं ते नंतर. आधी राग आला. उठा म्हणावं, वाद पुरा करा म्हणावं, असं अगदी ओठावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी समाधीवर दूध घालून आलो. पुढं स्वामींना बोलावून आराधना झाली. स्वामी म्हणाले, आपल्यात सुतक नाही, लिंगैक्य झालेल्याचा शोक धरू नये. सगळ्यांनी माना हलवल्या. हुग्गी, गव्हाची खीर, झाली, कडक भाकरी झाली, पंगत उठली. सुतक नाही म्हणून स्वामी बोलले, पण घरात कढई चढली नाही, फोडणी चरचरली नाही, रेडिओ लागला नाही.

आणि उमीचा वाढदिवस पुढच्या रविवारी होता.

अण्णांना मी एकदाच विचारलं. ते वही बाजूला ठेवून म्हणाले, "या वर्षी नको. लोक नावं ठेवतील."

"आपल्यात सुतक नाही ना?"

"सुतक नाही. पण माणूस गेलंय ना."

ते बरोबरच बोलले होते. तुमचे अण्णा दुकानातून आल्यावर अजून आपल्या चपला एका कडेला काढतात, तुमच्या चपलांची जागा मोकळी ठेवून. त्यांच्यापुढं पऱ्यांचं नाव काढायची माझी जीभ रेटत नव्हती.

पण पोरीचं काय? रडली असती, हट्ट केला असता, तर मी तिला जवळ घेऊन समजावलं असतं. ती काही म्हणेचना. शाळेत जायची, यायची, जेवायची. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलेलं, लक्ष्मी, शमीम, सगळ्यांना. त्या काय विचारत असतील आणि ही काय सांगत असेल, या विचारानं माझ्या जिवाला थारा नव्हता. मी मनातल्या मनात लाडू वळायचे आणि मोडायचे. ब्रेड कुठून आणायचा ते ठरवायचे आणि मग आठवायचं, आणायचा नाही. एकदा तर शेंगा भाजायला घेतल्या आणि अर्ध्या भाजून तशाच उतरवल्या. भाजलेल्या शेंगांचा वास घरभर झाला. अव्वा पदर तोंडाला लावून बसल्या.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात येत नव्हती. वेलावरची फुलं जातच होती.

पहिल्यांदा अव्वांच्याच ते लक्षात आलं. म्हणाल्या, "माझं पोरगं गेलं तरी तिची चोरी सुटंना." मी म्हटलं, जाऊ द्या. पण मलाही झोप नव्हतीच. गेल्या शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला मागचं दार वाजलं तशी मी उठून परसात गेले.

उमी होती. तुमच्या दुकानातलं बाटल्यांचं लाकडी खोकं वेलाखाली ओढून त्यावर चढली होती, टाचा उंच करून. फ्रॉकच्या ओच्यात निळी फुलं. मला बघून दचकली, पण फुलं सोडली नाहीत.

"काय करतीस?"

तिनं ओचा घट्ट धरला.

"उमे, देवाची फुलं आहेत ती. काय करतीस?"

"वाळवायची हायत."

"कशाला?"

"सांगायचं न्हाय. काकाची शप्पथ हाय."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "बाळा, काका आता नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच लहान आहे. म्हणाली, "काका न्हाय म्हणून काय शप्पथ सुटती का?"

मी तिथं खोक्याशेजारी खालीच बसले. आणि मग तिनंच मला हाताला धरून वर माळवदावर नेलं. कोपऱ्यात सूप, सुपावर तिचा जुना फ्रॉक, आणि त्याखाली वाळून काळीनिळी झालेली फुलं. शेजारी तुमच्या दुकानातली लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, गळ्यापर्यंत भरत आलेली. "भरली की पुरंल, म्हणाला होता," ती म्हणाली. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी ती एकटी ते काम करत होती. मला हे कधी दिसलं नाही, भावोजी. मी डबे पुसत होते.

खाली येऊन मी सगळं बोलले. अण्णांसमोर, अव्वांसमोर. कसं बोलले ते आठवत नाही, आवाज चढला असणार. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. बोलल्या त्या अव्वा.

"आराधनेला गाव जेवलं. हुग्गी खाल्ली. माझ्या पोरानं जलमात हुग्गीला हात लावला न्हाय. त्याच्या आवडीचं ताट घातलं कुटं आपण?"

अण्णांनी मान वर केली.

"घाला की मग. रविवारी घाला. कढई मी चढवते."

आपल्या घरातली तुमच्यानंतरची पहिली कढई अव्वांनी स्वतः चढवली, तुमच्या पऱ्यांच्या कुरडयांसाठी. पहिली कुरडई तेलात पडून फुलली तशी त्यांनी ती झाऱ्यानं उलटवली आणि दुसरी सोडली. मी लाडू वळले, बोराएवढे. पंख खोवताना निम्मे मोडले. मोडलेले अण्णांनी उभ्या उभ्या खाल्ले. दुकान बंद ठेवून घरी थांबले होते. ब्रेडच्या चकत्या केल्या. अर्ध्यांना काकडी आणि लोणी, तुमच्या म्हणण्याप्रमाणं. अर्ध्यांना शेंगाची चटणी, दह्यात कालवलेली, लसणाची. मेलेल्या माणसाशी तडजोड करावी लागते, जिवंत असता तर मी केली नसती.

पोरी आल्या. जुन्या साड्यांच्या जाळीचे पंख पाठीला लावून. शमीमच्या आईनं तर जरीचा गोटा लावून दिला होता. परसात वेलाखाली सतरंजी टाकली. कुत्र्याच्या छत्र्यांऐवजी तुमच्या दुकानातली खोकी उलटी घातली. आणि मग उमी चुलीशी आली. मला म्हणाली, "तू लांब हो."

उकळतं पाणी घेतलं. बरणीतली फुलं मुठीनं टाकली. झाकण ठेवलं. किती वेळ ते तिलाच माहीत. गाळल्यावर किटलीतून जे आलं ते निळं होतं, भावोजी. अगदी निळं. मी कबूल करते, माझ्या मनात धोतर आलं. साखर घातली, कपांत ओतलं, कपाशेजारी लिंबाची एकेक फोड ठेवली. तेवढ्यात अव्वा उठून बाहेर गेल्या आणि परत आल्या त्या समोरच्या काकूंना हाताला धरून. त्यांना पाट दिला आणि पहिला कप त्यांच्या हातात ठेवला. काकू कधी कपाकडं, कधी अव्वांकडं बघत होत्या. वेलाकडं बघितल्यावर त्यांना कळलं असावं. त्यांनी अव्वांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता पिळा," उमी म्हणाली.

मी पिळलं. तुम्ही म्हणाला होता, पिळा आणि मग बोला. कपात आधी जांभळं झालं, आणि ढवळलं तसं गुलाबी. डोळ्यांदेखत. सात पोरी एकदम ओरडल्या. शमीम म्हणाली, "चाची, ये कैसा हुआ जी?" मला काय ठाऊक? अण्णा कप उंच धरून उन्हात बघत होते, त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. आणि अव्वा. त्यांनी लिंबू पिळलं, कपात बघितलं, आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी चोरत व्हतास व्हय रे?" त्या हसल्या. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता पदरात तोंड घालून रडल्या. उमी जाऊन त्यांच्या मांडीत बसली, पंखासकट.

चटणीच्या चकत्या आधी संपल्या. काकडीच्या तीन उरल्या. हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

चहाचं म्हणाल तर मी अजूनही नाहीच म्हणते. सुंदर होता. माझ्या आयुष्यात मी तसं काही प्यायले नव्हते. तुम्ही त्या पोरीच्या हातात असं काही ठेवून गेलात की ती कितीही मोठी झाली तरी तिला ते पुरेल, आणि त्यासाठी मी तुमच्या पाया पडायला हवं होतं, दिराच्या पाया पडायची रीत नाही म्हणून राहिलं. पण चहा नव्हता तो. दुधाशिवाय चहा नाही. या, आणि भांडा माझ्याशी.

हे मी आज सोमवारी लिहिते आहे. सकाळी अव्वा नेहमीसारख्या परडी घेऊन परसात गेल्या, महादेवासाठी. उमी अजून झोपली होती. बरणी रिकामी झाली, काम झालं, शपथ पुरी झाली. थोड्या वेळानं अव्वा आत आल्या, तर परडी रिकामीच.

मी म्हटलं, "आज पण नाहीत फुलं?"

"हायत की," त्या म्हणाल्या. "समदी हायत."

मी बाहेर जाऊन बघितलं. वेल निळ्या फुलांनी भरला होता, वरपासून खालपर्यंत. एकालाही कुणाचा हात लागलेला नव्हता.